हातोड्याखाली गेलेली मराठी दौलत

अठराव्या शतकातील मराठी राजघराण्यांची दौलत म्हणजे केवळ रोकड आणि जडजवाहीर यांची बेरीज नव्हती; ती अठरा कारखान्यांत, म्हणजे दरबाराच्या स्वतंत्र हिशेब ठेवणाऱ्या खात्यांत, विभागलेली एक चालती व्यवस्था होती. जवाहिरखान्यात रत्ने आणि दागिने, जामदारखान्यात उंची वस्त्रे, शिलेखान्यात शस्त्रे, फरासखान्यात तंबू, गालिचे आणि बिछायती, पीलखान्यात हत्ती, उष्ट्रखान्यात उंट आणि पागेत घोडी अशी तिची वाटणी असे. या कारखान्यांतील वस्तूला किंमत असे, पण त्याहून अधिक तिला प्रसंग असे: कोणता शिरपेच दसऱ्याच्या दरबारात बांधायचा, कोणती तलवार पूजेत मांडायची, कोणत्या हत्तीवर अंबारी चढवायची हे ठरलेले असे, आणि त्या ठरलेपणातच घराण्याचा दर्जा दिसे. वस्तू कारखान्याबाहेर पडे ती बक्षीस म्हणून, नजराणा म्हणून, मानाची वस्त्रे म्हणून, किंवा फौजेचा पगार तुंबला की सावकाराकडे गहाण म्हणून. परंतु राजचिन्हे उघड्या बाजारात मांडून जो जास्त बोली लावील त्याच्या हवाली करणे ही गोष्ट दरबारी रीतीत बसणारी नव्हती. ती रीत एकोणिसाव्या शतकात इंग्रजी सत्तेबरोबर मराठी मुलखात आली, आणि आज जगभरच्या संग्रहालयांत व खाजगी संग्रहांत विखुरलेल्या अनेक मराठी वस्तूंच्या प्रवासात कुठे ना कुठे तिचा हात आहे.

इंग्रजी युद्धव्यवहारात शत्रूकडून जिंकलेली मालमत्ता कायद्याने राजसत्तेची मानली जाई आणि राजसत्ता ती कृपेने फौजेला देऊन टाकी. या मालमत्तेला ‘प्राइझ’ म्हणत. शहर किंवा किल्ला पडला की फौजेतील अधिकाऱ्यांमधून ‘प्राइझ एजंट’ नेमले जात आणि हाती आलेला माल गोळा करणे, त्याची यादी करणे, तो विकणे आणि आलेला पैसा हुद्द्यानुसार वाटणे ही कामे त्यांच्याकडे सोपवली जात. रत्नजडित कट्यार शंभर शिपायांत वाटता येत नाही, तिचे पैसे मात्र वाटता येतात. म्हणून लिलाव हा या व्यवस्थेचा कणा ठरला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपू सुलतानाच्या खजिन्याची अशीच विल्हेवाट लावली गेली, आणि त्या वाटणीत सेनापती हॅरिस यांच्या वाट्याला एकूण रकमेचा आठवा हिस्सा आला, तर साध्या शिपायाच्या हाती मोजके पौंड पडले. या पद्धतीचा खरा परिणाम पैशांच्या वाटणीपेक्षा खोल होता. लुटीत उचललेल्या वस्तूमागे संशय असतो, पण यादीत चढलेली, बोली लागलेली आणि पावती झालेली वस्तू घेणाऱ्याच्या घरात निर्वेधपणे नांदते. लिलावाने लुटीला कागद दिला, आणि हा कागद पुढे दोनशे वर्षे टिकला.

पेशवाईच्या अखेरीला ही यंत्रणा महाराष्ट्रात पूर्ण बळाने उतरली. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, पुणे पडले, दुसरे बाजीराव फौजेसह फिरत राहिले आणि ३ जून १८१८ रोजी त्यांनी इंग्रज अधिकारी माल्कम यांच्या स्वाधीन होणे पत्करले. दरम्यान पुणे, नागपूर, रायगड, खानदेश या भागांत जे हाती लागले ते सर्व ‘दख्खन प्राइझ’ या नावाखाली एकत्र झाले. त्यावर हक्क कोणाचा यावरून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज आणि दख्खनच्या फौजेचे सेनापती सर टॉमस हिस्लॉप यांच्यात मोठा वाद पेटला: प्रत्यक्ष लढलेल्या तुकडीचाच हिस्सा, की त्याच मोहिमेत दूर उभ्या असलेल्या फौजेचाही? प्रकरण लंडनला गेले, वाटणीसाठी ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि चार्ल्स आर्बथनॉट यांना विश्वस्त नेमण्यात आले, आणि हिशेब वर्षानुवर्षे रेंगाळला. ज्यांची दौलत होती त्यांचे म्हणणे या वादात कोणी विचारलेच नाही.

ते विचारण्याचा एक प्रयत्न मात्र झाला, आणि त्याची नोंद कायद्याच्या इतिहासात राहिली आहे. पेशव्यांचे रायगडावरचे एक धनाढ्य अधिकारी नारोबा गोविंद औटी यांना पुणे पडल्यानंतर कैद करून त्यांची संपत्ती पुण्याचे तात्पुरते कलेक्टर रॉबर्टसन यांनी जप्त केली. ही संपत्ती पेशव्यांची नसून नारोबांची स्वतःची आहे, असा दावा त्यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात लावला आणि तेथे तो जिंकला. परंतु १८३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला आणि युद्धाच्या ओघात झालेल्या जप्तीचा न्याय करण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाला नाही, असे ठरवले. पुणे शांत झाल्यानंतर, एका म्हाताऱ्या कैद्याच्या घरून नेलेले धनही युद्धातलेच मानले गेले. पुण्याचे इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा खटला पुढे अनेक निवाड्यांत आधार म्हणून वापरला गेला. लिलावाच्या मेजावर वस्तू पोहोचण्याआधीच तिच्या मालकाचे तोंड कसे बंद केले जाई, हे त्यातून स्वच्छ दिसते.

दख्खन प्राइझमधील सर्वांत गाजलेली वस्तू म्हणजे ‘नासाक’ या बिघडलेल्या उच्चाराने जगभर ओळखला जाणारा नाशिकचा हिरा होय. गोवळकोंड्याच्या खाणींतला मानला जाणारा हा हिरा पेशव्यांच्या जवाहिरात होता आणि त्यापूर्वी तो त्र्यंबकेश्वराच्या चरणी होता, अशी परंपरा आहे. बाजीरावांच्या पराभवानंतर तो कर्नल जॉन ब्रिग्ज यांच्या हाती आला आणि त्यांनी तो हेस्टिंग्ज यांच्याकडे पोहोचवला, असे रत्नांच्या इतिहासकारांनी नोंदवले आहे. त्या वेळी तो नव्वद कॅरटांच्या आतबाहेर होता. त्याचे पैलू भारतीय पद्धतीने, म्हणजे खड्याचे वजन शक्य तितके राखून, पाडलेले होते. येथील जवाहिऱ्याला हिऱ्याचे आकारमान आणि त्याची मूळ घडण महत्त्वाची वाटे, तर युरोपच्या जवाहिऱ्याला पैलूंतून परावर्तित होणारे तेज हवे असे आणि त्यासाठी वजन गमावण्याची त्याची तयारी असे. लंडनला पोहोचलेल्या या खड्याकडे तेथील बाजाराने अर्थातच कच्चा माल म्हणून पाहिले. राजघराण्याचे जवाहिरे रंडेल आणि ब्रिज यांनी तो घेतला, पुन्हा घासवला आणि त्याचे वजन सुमारे ऐंशी कॅरटांवर आणले.

जुलै १८३७ मध्ये, व्हिक्टोरिया राणी गादीवर येऊन महिना उलटतो न उलटतो तोच, लंडनच्या विलिस रूम्समध्ये मौल्यवान रत्नांचा एक मोठा लिलाव झाला. त्यात अर्काटच्या नवाबाकडून इंग्लंडच्या राजघराण्यात गेलेल्या हिऱ्यांबरोबर नाशिकचा हिराही मांडला होता. त्याला सुमारे ७,२०० पौंड किंमत आली आणि तो मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्याकडे गेला. त्यांनी तो आपल्या दरबारी तलवारीच्या मुठीत बसवला. देवाला वाहिलेला मानला गेलेला खडा एका उमरावाच्या पोशाखाचा भाग झाला, आणि हा बदल विक्रीच्या साध्या व्यवहाराने घडल्यामुळे त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

वेस्टमिन्स्टर घराण्यात हा हिरा नव्वद वर्षे राहिला आणि १९२७ मध्ये पॅरिसचे जवाहिरे जॉर्ज मोबूसाँ यांच्याकडे गेला. त्यांनी तो अमेरिकेत नेला तेव्हा जो वाद उभा राहिला तो या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलका म्हणावा लागेल. शंभर वर्षांहून जुन्या कलात्मक पुरावस्तूला अमेरिकेत जकात माफ होती आणि नाशिकचा हिरा त्या सवलतीत बसतो, असा दावा करण्यात आला. एका प्रतिस्पर्धी अमेरिकन पेढीने त्याला हरकत घेतली. वरच्या न्यायालयाने अखेर हरकत मान्य केली आणि कोंदणात न बसवलेला, पैलू पाडलेला हिरा हा दागिन्याचा माल आहे, म्हणून त्यावर २० टक्के जकात बसते, असे ठरवले. त्र्यंबकेश्वर, पेशवे आणि दख्खनचे युद्ध हा सारा इतिहास न्यायालयात मांडला गेला तो एका परक्या व्यापाऱ्याची जकात वाचवण्यासाठी, आणि तेथेही तो अपुरा ठरला. जकातीच्या कायद्यापुरता हा निकाल तर्कशुद्ध होता, हे मान्य करायला हवे. वस्तूला तिच्या जागेपासून तोडल्यावर तिच्यात इतिहास उरत नाही, केवळ द्रव्य उरते, हेच त्या निकालाने कायद्याच्या भाषेत सांगितले.

१९४० मध्ये न्यूयॉर्कचे हॅरी विन्स्टन यांनी तो पुन्हा कापला आणि त्याचे वजन ४३.३८ कॅरटांवर आले. नाशिकहून निघालेल्या खड्याचा निम्म्याहून अधिक भाग अशा रीतीने भुकटी होऊन नाहीसा झाला. १६ एप्रिल १९७० रोजी न्यूयॉर्कच्या पार्क-बर्नेट या लिलावगृहात तो पुन्हा एकदा बोलीला निघाला आणि पाच लाख डॉलरांना विकला गेला. पुढे तो लेबनीज जवाहिरे रॉबर्ट मुआवाद यांच्या संग्रहात गेला. त्याच्याविषयीच्या पाश्चात्त्य लिखाणात तो ‘शंकराचा नेत्र’ होता आणि पंधराव्या-सोळाव्या शतकापासून देवळात होता, असे वारंवार सांगितले जाते. त्र्यंबकेश्वराचे आजचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात उभारायला घेतले, हे ध्यानात घेतले की अशा वर्णनांकडे सावधपणे पाहावे लागते. त्यामागे परंपरेचा अंश असेलही, पण रत्नबाजाराला कथा लागते आणि हिरा जितका लहान होत गेला तितकी त्याची कथा मोठी होत गेली.

नागपूरची पुढची हकिकत वेगळी आहे, कारण या वेळी तेथे लिलाव युद्धाच्या नावाखाली झाला नाही. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले औरस पुत्राशिवाय वारले. राण्यांनी दत्तकाचा आग्रह धरला, परंतु गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी २८ जानेवारी १८५४ च्या टिपणात राज्य खालसा करण्याचा निर्णय नोंदवला. नागपूरचे रेसिडेंट मॅन्सेल यांनी घराण्याचा मान राखावा अशी शिफारस केली होती. ती बाजूला पडली. राज्याबरोबर राजवाड्यातील चीजवस्तूंचाही प्रश्न आला. ही संपत्ती राजाची खाजगी नसून राज्याची आहे आणि ती राण्यांच्या हाती सोडली तर उधळली जाईल, म्हणून ती विकून घराण्याच्या निर्वाहासाठी निधी उभारावा, अशी सरकारची भूमिका होती. ‘भोसले फंड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या निधीमुळे विक्रीला परोपकाराचे रूप मिळाले. पालक म्हणून कुलूप लावायचे आणि विश्वस्त म्हणून विकायचे, अशी ही रचना होती.

प्रथम पीलखाना आणि पागा रिकामी झाली. १८५४ मध्ये भोसल्यांचे हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीच्या बाजारात विकायला उभे केले गेले. याच सीताबर्डीच्या टेकड्यांवर नोव्हेंबर १८१७ मध्ये भोसल्यांची फौज ईस्ट इंडिया कंपनीशी लढली होती. जनावरे अगदी मातीमोल गेली, कारण एवढे हत्तीघोडे एकदम घेणारा आणि पोसणारा दुसरा दरबार जवळपास उरलेलाच नव्हता. राजाच्या हत्तीचे मोल त्याच्या वजनात नसून त्याच्यावरच्या अंबारीत, मिरवणुकीत आणि माहुताच्या पिढीजात चाकरीत असते. ती चाकरी संपली की राहते ते एक महागडे, खादाड जनावर, आणि बाजाराने त्याची तीच किंमत केली. पीलखान्याबरोबर माहूत, चरकटे, मोतद्दार, फरास, मशालजी अशा चाकरांची घरेही उघडी पडली, पण विक्रीच्या हिशेबात त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

नंतर वाड्यातील सामान हलवण्याची वेळ आली. दुसऱ्या रघूजींच्या वयोवृद्ध विधवा राणी बाकाबाई या दरबारातील सर्वांत अनुभवी व्यक्ती होत्या आणि इंग्रजांशी सबुरीने वागण्यासाठी ओळखल्या जात. सामान बाहेर काढले तर वाड्याला आग लावीन, असे त्यांनी बजावले. सामान तरीही निघाले. समजुतीखातर मागे ठेवलेले थोडे अलंकार वगळता बाकीचे जवाहीर कलकत्त्याला गेले, आणि १८५५ मध्ये हॅमिल्टन आणि कंपनी या तेथील प्रसिद्ध जवाहिऱ्यांच्या पेढीमार्फत ‘नागपूरचे जवाहीर’ म्हणून त्याच्या जाहीर विक्रीच्या जाहिराती वर्तमानपत्रांत झळकल्या. कालपरवापर्यंत ज्यांचे दर्शनही मोजक्या मानकऱ्यांना घडे ते शिरपेच, कंठे आणि तोडे कोणाही गिऱ्हाइकाला हाताळून पाहता येऊ लागले. सत्तावनच्या उठावाचे इंग्रज इतिहासकार जॉन के हे कंपनीचे टीकाकार असले तरी शत्रू नव्हते. त्यांनीही लिहून ठेवले आहे की राज्य बुडाल्यापेक्षा या जप्तीचा आणि विक्रीचा लोकमनावर अधिक वाईट परिणाम झाला, असे त्यांच्या कानी आले होते. ते खरे मानण्यासारखे आहे. राज्य गेले ते खलिते आणि टिपणे यांच्या भाषेत गेले, सामान्य रयतेला ते एकदम दिसले नाही. बाजारात उभा असलेला राजाचा हत्ती मात्र सर्वांना दिसला. सत्तावननंतर इंग्रजांनी राण्यांनी दत्तक घेतलेल्या जानोजी भोसले यांना ‘राजे बहादूर’ हा किताब आणि साताऱ्याकडील देऊरचे इनाम दिले, परंतु विकलेले जवाहीर परत येणे शक्य नव्हते.

बडोद्याच्या गायकवाडांचा शिलेखाना किंवा जवाहिरखाना अशा प्रकारे जप्त झाला नाही, तरी त्याच्या वाट्यालाही लिलाव आला. खंडेराव गायकवाडांनी सुमारे १८६५ मध्ये मदिनेला अर्पण करण्याच्या हेतूने बसरा मोत्यांचा एक गालिचा करवून घेतला होता. तो मदिनेला गेलाच नाही आणि २००९ मध्ये दोहा येथे सदबीजच्या लिलावात सुमारे ५४ लाख डॉलरांना विकला गेला. बडोद्याच्या प्रसिद्ध सातपदरी मोत्यांच्या हारातून उरलेला दोनपदरी हार २००७ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजने सुमारे ७१ लाख डॉलरांना विकला. संस्थान विलीन होण्याच्या सुमारास घराण्यातूनच या वस्तू परदेशी गेल्या होत्या, त्यामुळे येथे दोष केवळ परकीयांवर टाकता येत नाही.

स्वतंत्र भारताने १९७२ मध्ये पुरावस्तू आणि कलानिधीविषयीचा कायदा केला आणि तो १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. चोरीच्या सांस्कृतिक वस्तूंविषयीचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे. दोन्ही व्यवस्था पुढील काळासाठी आहेत. १८१८ किंवा १८५५ मध्ये गेलेल्या वस्तूंना त्यांचा हात पोहोचत नाही. अशा वस्तूंच्या बाबतीत लिलावगृह ‘प्रोव्हेनन्स’, म्हणजे वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी, तपासते. पण ही साखळी बहुधा शेवटच्या दोन-तीन मालकांपर्यंतच दाखवली जाते आणि पहिला दुवा, जिथे खरे दुखणे असते, तो कोराच राहतो.

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीजमध्ये आलेली पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार हे याचे ताजे उदाहरण आहे. बंगालवर स्वाऱ्या करून १७५१ मध्ये अलीवर्दीखानाला चौथ मान्य करायला लावणाऱ्या या सरदाराची ही फिरंग आहे, म्हणजे तिचे पाते युरोपात घडलेले आणि मूठ येथील धाटणीची आहे. मुठीवर सोन्याचे नक्षीकाम असून पात्यावर देवनागरीत रघूजींचे नाव आणि शाहू छत्रपतींनी दिलेला ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब कोरलेला आहे. युरोपीय पाती मराठी सरदारांना प्रिय होती, परंतु त्यावर मालकाचे नाव देवनागरीत असणे दुर्मीळ, आणि त्या एका ओळीमुळेच ही तलवार ओळखता आली. लिलावाची बातमी अगदी ऐनवेळी कळल्यावर महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत बोली लावली, वाहतूक आणि विम्यासह सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांत ती मिळवली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईला आली. सीताबर्डीनंतरच्या लुटीत किंवा नंतर भेट म्हणून ती इंग्रजांकडे गेली असावी, असा तर्क मांडला गेला आहे. तो संभवनीय आहे, पण १८५४-५५ च्या विक्रीचा दरवाजाही तितकाच उघडा होता.

ही तलवार विकत घेण्याचा शासनाचा निर्णय योग्य होता आणि त्याचे स्वागत करायला हवे. तरीही ऐनवेळी कळलेल्या बातमीवर धावणे हे धोरण होऊ शकत नाही, आणि ज्या तलवारीवर नाव कोरलेले नाही ती बोलीला येईल तेव्हा ती ओळखणार कोण, हा प्रश्न राहतोच. त्याचे उत्तर दोन प्रकारच्या कागदांत आहे. एकीकडे पेशवे दप्तरात आणि संस्थानांच्या दप्तरांत कारखान्यांच्या मोडी याद्या आहेत, ज्यांत वस्तू तिच्या मूळ नावाने, घडणीने आणि वजनाने नोंदलेली असते. दुसरीकडे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील कंपनी सरकारचे कागद आणि जुन्या लिलावांच्या छापील सूची आहेत, ज्यांत वस्तू विकत्या नावाने येते. हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वस्तूगणिक पडताळण्याचे काम मराठीत अजून पद्धतशीरपणे झालेले नाही. त्यासाठी मोडी वाचणारे, रत्नांची आणि शस्त्रांची पारख असणारे आणि इंग्रजी दप्तरांची ओळख असणारे अभ्यासक एका जागी आणावे लागतील. शासनाच्या पुरातत्त्व व पुराभिलेख विभागांनी आणि पुणे, मुंबई व नागपूर येथील विद्यापीठांनी मिळून हे काम हाती घ्यावे, आणि त्याची सुरुवात नागपूरच्या १८५४-५५ च्या विक्रीपासून करावी.